सुपर मारिओमधलं ‘वर्ल्ड -१’: तुमच्या प्रतीत काही कमी आहे का?

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये १-२ च्या, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या लेव्हलच्या, शेवटी भिंतीतून आरपार घुसून डावीकडच्या पाइपात शिरलं की ‘वर्ल्ड -१’ लागतं. लेव्हल पाण्याखालची. तिच्या टोकाचा पाइप तुम्हाला परत तिच्याच सुरुवातीला आणून सोडतो आणि वेळ संपेपर्यंत तुम्ही तिथेच पोहत राहता. पण एका व्हिडिओत कुणीतरी -१, -२, -३ अशा तीन लेव्हल ओळीने पार केल्या आणि तिसरी संपल्यावर त्याचा गेम जिंकल्यासारखा संपला. म्हणून तुमचे तीन प्रश्न: तुमची प्रत अर्धवट किंवा बनावट आहे का? या लेव्हल बनवणाऱ्यांनी आधी केल्या आणि मग काढून टाकल्या का? आणि अशा दडलेल्या गोष्टी आणखी कशा शोधायच्या?

पहिल्याचं उत्तर ‘बहुतेक नाही’, दुसऱ्याचं ‘नाही’. तिसऱ्याला मात्र वेळ द्यावा लागेल, आणि खरं सांगायचं तर तोच माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी बरीच वर्षं ८-बिट गेमचा मशीन कोड उलगडून वाचतो, वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून बाइटगणिक तपासतो. या कामात सगळ्यात जास्त गोंधळ कशामुळे होतो, तर तीन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. एक, कुणीतरी मेहनतीने बनवलेलं पण शेवटी गेममध्ये न लागलेलं काहीतरी. दुसरं, कुणीच न बनवलेलं, यंत्राने भलत्या जागेवरचे आकडे वाचल्यामुळे पडद्यावर उमटलेलं काहीतरी. आणि तिसरं, बनवलेलं आणि व्यवस्थित वापरलेलंही, पण तुमच्याकडे नसलेल्या आवृत्तीत. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात: एक विचित्र लेव्हल, जी मित्राच्या मशीनवर लागत नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांनी निवाडा करता येत नाही.

आधी -१ पूर्ण उलगडून पाहू. हे एकदा नीट समजलं की बाकीचं पटापट कळतं.

गेममध्ये वर्ल्ड आठ. मधली वर्ल्ड गाळून पुढे उडी मारायच्या जागा, म्हणजे वॉर्प झोन, तीन ठिकाणी आहेत. १-२ च्या शेवटी तीन पाइप: ४, ३, २. ४-२ मध्ये वेलीवरून वर गेलात तर तीन पाइप: ८, ७, ६. आणि ४-२ च्याच जमिनीखालच्या टोकाला एकच पाइप, ५ चा. हे सगळं कार्ट्रिजमध्ये एका छोट्या तक्त्यात लिहिलेलं आहे. त्याच्या ओळी तीन आणि प्रत्येक ओळीत डावा, मधला, उजवा अशा तीन जागा. आता ५ च्या ओळीत डावीकडे आणि उजवीकडे पाइपच नाही, मग तिथे काय लिहायचं? पाइपांवरचे आकडे याच तक्त्यातून पडद्यावर छापले जातात, त्यामुळे तिथे ‘काही छापू नको’ असा अर्थ असणारं काहीतरी हवं. या गेमच्या चित्रसंचात ० ते ९ या आकड्यांच्या टाइल, म्हणजे पडदा ज्यांनी बनतो ते छोटे चित्रचौकोन, आधी येतात, मग इंग्रजी वर्णमालेची २६ अक्षरं. म्हणजे ० ते ३५ हे क्रमांक भरले. ३६ वी टाइल कोरी. म्हणून त्या ओळीत लिहिलंय: ३६, ५, ३६. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होतं. जिथे पाइप नाही तिथे कोण शिरणार?

तीनपैकी कोणती ओळ वापरायची हे मेमरीतलं एक घर ठरवतं. १-२ मध्ये पडदा पुरेसा पुढे सरकला की त्या घरात पहिल्या ओळीचा आकडा बसतो, आणि त्याच क्षणी वॉर्प झोनमध्ये स्वागत करणारा मजकूर उमटतो. तुम्ही छतावरून धावत गेलात तर हे सगळं वेळेवर होतं. पण भिंतीतून घुसलात तर पडदा तेवढा सरकायच्या आत पाइपाशी पोहोचता. त्या घरात तेव्हा अर्धवट तयारीतला आकडा असतो, १. गेम त्या आकड्याचे शेवटचे दोनच बिट बघतो आणि त्यावरून ओळ निवडतो. निवडली जाते दुसरी ओळ, जी ४-२ च्या त्या एकट्या पाइपासाठी होती. डावा पाइप म्हणजे ३६. तुम्ही निघालात वर्ल्ड ३६ ला.

म्हणजे ‘उणे एक’ असं काही नाहीच. ते ‘वर्ल्ड ३६-१’ आहे. वर्ल्डचा आकडा छापायला गेम ३६ वी टाइल काढतो, ती कोरी, त्यामुळे उरते फक्त मधली आडवी रेघ आणि १. त्या रेघेला आपण वजाबाकीचं चिन्ह समजलो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. एका कोऱ्या टाइलमुळे जगभरच्या मुलांना वाटलं की शून्याच्या पलीकडे एक दुनिया आहे.

आता लेव्हल कुठून येते? कुठल्या वर्ल्डमध्ये कोणत्या लेव्हल हे सांगणारा आणखी एक तक्ता आहे. त्यात नोंदी आठ. गेम त्याच्याकडे छत्तिसावी मागतो. या प्रोसेसरवर ‘इतक्या नोंदी नाहीत’ असं सांगणारं कुणी नसतं. तक्ता संपल्यावर मेमरीत पुढे जे बाइट पडलेले आहेत तेच नोंद म्हणून वाचले जातात, आणि योगायोगाने त्यातून निघतो एका पाण्याखालच्या लेव्हलचा क्रमांक. ही लेव्हल तुम्ही आधी खेळलेली आहे. २-२ आणि ७-२ मध्ये हीच वापरली आहे. शेजारी लावून बघा, प्रवाळ न् प्रवाळ जागच्या जागी आहे.

मग ती संपत का नाही? कारण या गेममध्ये ‘हा पाइप कुठे नेतो’ ही माहिती शत्रूंच्या यादीत मध्येच घातलेली असते आणि तिच्यासोबत ‘हे फक्त अमुक वर्ल्डसाठी’ अशी अट असते. २-२ आणि ७-२ एकच लेव्हल वापरत असल्यामुळे ही अट लागते. तिच्यासाठी जागा ठेवली आहे ३ बिटांची, म्हणजे आठच वर्ल्डपुरती. ३६ हा आकडा ३ बिटांत मावतच नाही, म्हणून अट कधीच जुळत नाही, नवीन पत्ता लिहिला जात नाही, आणि पाइप जुन्याच पत्त्यावर, म्हणजे याच लेव्हलच्या सुरुवातीला नेतो. तुमच्या प्रतीत काही गहाळ आहे म्हणून नव्हे, तर सगळं शाबूत असल्यामुळेच तुम्ही तिथे अडकता.

व्हिडिओतली प्रत बहुधा फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेंडोच्या एनईएस मशीनच्या जपानी रूपाच्या, डिस्क सिस्टीमची. १९८५ चा कार्ट्रिजवरचा गेम १९८६ मध्ये डिस्कवरही आला. खेळायला दोन्ही जवळपास सारखे. पण डिस्कवर प्रोग्रामची मांडणी वेगळी आहे, त्यामुळे तक्त्याच्या पलीकडे पडलेले बाइट वेगळे. चूक तीच, छत्तिसावी नोंद मागितली जाते तीच, फक्त हाताला दुसरंच काहीतरी लागतं. तिथली -१ म्हणजे १-३ ची रचना पाण्याखाली बुडवलेली, आणि तिच्यात राजकन्या आणि खलनायक बाउझर भलत्याच जागी. तिसरी लेव्हल ४-४ च्या किल्ल्याची आहे, म्हणून तिथे शेवट होतो. किल्ला संपल्यावर गेम विचारतो, ‘हे आठवं वर्ल्ड किंवा त्याच्या पुढचं आहे का?’ ३६ पुढचंच. म्हणून गेम संपला.

या लेव्हल कुणी बनवून काढून टाकलेल्या नाहीत हे मी इतक्या खात्रीने का म्हणतो ते आता दिसेल. त्यांचा प्रत्येक तुकडा दुसरीकडे वापरलेला आहे, त्यांच्याकडे नेणारा रस्ता एका चुकीच्या ओळीतून जातो, आणि मांडणी बदलली की त्या स्वतःच बदलतात. खरंच बनवलेली लेव्हल असं वागत नाही. ‘काढून टाकलं’ हे म्हणताना आपण माणसांच्या हेतूबद्दल बोलत असतो, बाइटबद्दल नव्हे, म्हणून त्या शब्दाला पुरावा लागतो.

खरीखुरी उरलेली सामग्री कशी असते याचं उत्तम उदाहरण ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’. त्याच्या कार्ट्रिजमध्ये नकाशावर कुठेच जागा न मिळालेल्या पंधराच्या आसपास लेव्हल आहेत. काही अगदी साध्या, चाचणीसाठी केल्यासारख्या. काही मात्र अशा, की कुणीतरी खपून बेतलेल्या आहेत हे खेळताना जाणवतं: उडी जिथे अवघड व्हायला हवी तिथेच शत्रू, नाणी नेमकी हाताला येतील अशी. इतकंच नाही, त्यातल्या काहींमध्ये असे शत्रू आहेत जे बाकी गेममध्ये कुठेच भेटत नाहीत. सोनेरी चीप-चीप मासा त्यातलाच. त्याचा कोड पूर्ण, चित्र पूर्ण, वागणूक पूर्ण. नाही तो फक्त नकाशावरचा एक चौकोन, जो तुम्हाला तिथे घेऊन जाईल. -१ मध्ये रस्ता आहे पण मुक्काम कुणी बांधलेला नाही, आणि इथे मुक्काम बांधलेला आहे पण रस्ता नाही. शंका आली की मी स्वतःला हाच प्रश्न विचारतो: काय नाहीये, रस्ता की मुक्काम?

नको असलेल्या लेव्हल पुसून का टाकल्या नाहीत, असं कुणीही विचारेल. कारण पुसणं धोक्याचं असतं. मधला तुकडा काढला की पुढचे सगळे पत्ते सरकतात, आणि एखादा पत्ता दुरुस्त करायचा राहिला तर तपासून झालेला गेम ऐन वेळी कोसळतो. नकाशावरची नोंद काढली की काम भागतं, लेव्हल पडून राहिली तरी कुणाचं बिघडत नाही. अर्थात जागेची चणचण असेल तर हिशोब बदलतो. ‘पोकेमॉन’च्या पहिल्या गेममध्ये चाचणीचा कोड काढल्यावर शेवटी ३०० बाइटच्या आसपास जागा मोकळी झाली आणि प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तिथे मेव नावाचा पोकेमॉन बसवला. म्हणून चाचणीचा कोड सापडला नाही म्हणजे तो कधी नव्हताच, असंही म्हणता येत नाही.

पोकेमॉनचा विषय निघालाच आहे तर त्यात चुकून भेटणाऱ्या मिसिंगनो या विचित्र प्राण्याबद्दलही सांगतो, कारण तुमच्या पुढच्या प्रश्नात तो येणारच. ‘रेड’ आणि ‘ब्लू’मध्ये आतल्या यादीत १९० जागा आहेत, पोकेमॉन १५१. उरलेल्या ३९ जागांवर एकच भरतीचं नाव: मिसिंगनो, म्हणजे ‘क्रमांक नाही’. किनाऱ्याकाठी तो भेटतो याचं कारण आणखी वेगळं आहे. गेममधला एक म्हातारा पोकेमॉन पकडायचं प्रात्यक्षिक दाखवतो तेव्हा पडद्यावर तुमच्या नावाच्या जागी त्याचं नाव यावं लागतं, म्हणून तुमचं नाव तात्पुरतं दुसरीकडे ठेवलं जातं. ठेवलं जातं ते नेमकं जंगली पोकेमॉनच्या यादीच्या जागी. मग तुम्ही उडून सिनबार बेटावर गेलात, तर तिथे गवत नसल्यामुळे ती यादी नव्याने भरली जात नाही, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या टाइल मात्र तीच यादी वाचतात. तुमच्या नावातली अक्षरं पोकेमॉनचे क्रमांक म्हणून वाचली जातात. म्हणून दोन मित्रांना एकाच किनाऱ्यावर वेगवेगळे प्राणी भेटतात. मिसिंगनोला ‘काढून टाकलेला पोकेमॉन’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ही यंत्रणा एकदा समजावून सांगतो. त्याच गेममध्ये प्रोफेसर ओक यांच्याशी लढाईची माहिती खरोखर आहे, तुमच्या पहिल्या पोकेमॉननुसार बदलणाऱ्या तीन वेगवेगळ्या संघांसकट. ती कुठेच लागत नाही. उरलेली सामग्री म्हणजे ती. मिसिंगनो नव्हे.

आता आवृत्त्या. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं आणि तुमची प्रत पाहिल्याशिवाय मी फार पुढे जाऊ शकत नाही. पण दोन-तीन सापळे दाखवून ठेवतो.

पहिला सापळा नावाचा. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनच्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ आल्या, त्याच वर्षी नंतर ‘ब्लू’. जपानबाहेर १९९८ मध्ये ‘रेड’ आणि ‘ब्लू’ आल्या. या दोन ‘ब्लू’ एक नाहीत. बाहेरच्या जोडीने प्रोग्राम आणि चित्रं जपानी ‘ब्लू’ची घेतली, पण कुठे कोणता पोकेमॉन भेटतो ते घेतलं जपानी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’चं. नाव बघून तुलना केलीत तर तुम्हाला डझनभर गोष्टी ‘काढून टाकलेल्या’ दिसतील, आणि सगळ्या चुकीच्या.

दुसरा सापळा अर्ध्या गेमचा. सेगाच्या ‘सॉनिक ३’च्या लेव्हल निवडायच्या छुप्या यादीत ‘फ्लाइंग बॅटरी’ आणि ‘मशरूम व्हॅली’ अशी नावं आहेत, पण त्या लेव्हल त्या कार्ट्रिजमध्ये खेळता येत नाहीत. नुसतं हेच पाहिलं तर वाटेल, केवढं काय कापून टाकलं! पण तो मुळात एकच मोठा गेम होता. त्याचा पहिला भाग फेब्रुवारी १९९४ मध्ये आला आणि दुसरा, ‘सॉनिक अँड नकल्स’, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. ती नावं दुसऱ्या भागातल्या लेव्हलची आहेत. ‘मशरूम व्हॅली’चं तोवर ‘मशरूम हिल’ झालं. दोन्ही कार्ट्रिज एकमेकांवर बसवल्या की पूर्ण गेम चालतो. एका भागात निरुपयोगी वाटणारं दुसऱ्या भागात जागेवर आहे.

तिसरा सापळा मला सर्वांत अवघड वाटतो: डबा तोच, नाव तेच, देश तोच, आणि तरी आतला प्रोग्राम वेगळा. निन्टेंडो ६४ वरच्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’च्या १.०, १.१ आणि १.२ अशा आवृत्त्या आहेत. १.२ मध्ये फायर टेंपलच्या संगीतातला मंत्रपठणासारखा आवाज बदलला आणि खलनायक गॅननडॉर्फचं रक्त लालऐवजी हिरवं झालं. दोन मित्र एकाच दुकानातून घेतलेल्या प्रतींवरून भांडू शकतात आणि दोघंही खरं बोलत असतात. ‘मारिओ ३’चंही तसंच. तिच्या अमेरिकी कार्ट्रिजच्या दोन आवृत्त्या आहेत. पहिलीत शेवटी सातव्या वर्ल्डचं नाव ‘पाइप मेझ’ येतं आणि नंतरचीत ‘पाइप लँड’. शिवाय १९८८ च्या जपानी आवृत्तीत आगीच्या गोळ्यांची ताकद असताना मार लागला की मारिओ थेट लहान होतो. १९९० च्या अमेरिकी आवृत्तीत तो एकच पायरी खाली येऊन मोठा मारिओच राहतो. हा फरक खेळाच्या अवघडपणालाच हात घालतो, तरी डब्यावर त्याबद्दल अक्षर नाही.

म्हणून माझा नेम ठरलेला आहे: ‘हे न वापरलेलं आहे का’ हा प्रश्न हातात घ्यायच्या आधी ‘ही कोणती आवृत्ती आहे’ हे पक्कं करायचं. गेमबॉय आणि निन्टेंडो ६४ च्या बाबतीत हे सोपं आहे, कार्ट्रिजच्या सुरुवातीच्या माहितीतच आवृत्तीचा एक बाइट असतो. तुमच्या मशीनवर, म्हणजे एनईएस किंवा फॅमिकॉमवर, अशी ठरलेली जागा नाही. एमुलेटरच्या, म्हणजे संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलला सुरुवातीला जे १६ बाइट असतात ते कार्ट्रिजमधले नव्हेतच, ती फाइल बनवणाऱ्यांनी जोडलेली ओळख आहे. त्यामुळे ते १६ बाइट वगळून उरलेल्याचा चेकसम, म्हणजे सगळ्या बाइटवरून हिशोबाने निघणारा ओळखीचा आकडा, काढायचा आणि खात्रीच्या यादीशी जुळवायचा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी एक ढोबळ चाचणी लगेच करता येते. मूळ कार्ट्रिजमध्ये ३२ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट चित्रं, म्हणजे फाइल नेमकी ४०,९७६ बाइटची हवी. जास्त भरली तर त्यात कुणीतरी काहीतरी घातलंय. नेमकी भरली तरी आतला एखादा बाइट बदललेला असू शकतो, म्हणून आकारावर थांबू नका. एका कार्ट्रिजमध्ये शेकडो गेम असलेल्या प्रतींबाबत तर विशेष काळजी घ्या. त्यात यादी लांबवण्यासाठी एकाच गेमची सुरुवातीची लेव्हल बदलून तो दहा नावांनी घातलेला असतो. अशा प्रतीत सापडलेली विचित्र लेव्हल मूळ बनवणाऱ्यांच्या गळ्यात मारणं अन्यायाचं आहे.

आवृत्ती ठरली की शोधाला लागा. मी एफसीईयूएक्स या एमुलेटरमधली कोड आणि डेटा नोंदवणारी सोय वापरतो. मेसेन या दुसऱ्या एमुलेटरमध्येही ती आहे. ती चालू ठेवून गेम खेळला की प्रत्येक बाइटपुढे खूण होते: हा प्रोग्राम म्हणून चालला, हा माहिती म्हणून वाचला गेला. पूर्ण गेम खेळून झाल्यावर ज्या बाइटवर खूणच नाही ते आपले संशयित. फक्त संशयित, गुन्हेगार नव्हेत. हा फरक मी फार महाग पडून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दोन खेळाडूंच्या गेममध्ये मला हस्तांदोलन करणाऱ्या दोन हातांचं छोटंसं चित्र सापडलं. मी गेम दोनदा पूर्ण खेळलो होतो, ते कुठेच दिसलं नव्हतं. मी ‘न वापरलेलं’ अशी नोंद केली आणि ती पुढे पुष्कळांनी उचलली. नंतर एकाने कळवलं की दोन्ही खेळाडूंचे गुण अगदी सारखे झाले की ते चित्र येतं. मी एकटाच खेळत होतो, बरोबरी होणार कशी? ती नोंद दुरुस्त केली, पण चुकीची माहिती जिथे जिथे पोचली तिथून ती परत बोलावता आली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून खूण न झालेल्या बाइटसाठी मी आधी दोन खेळाडूंचा खेळ, सगळ्या काठिण्यपातळ्या, गेम संपण्याचे सगळे प्रकार, आपोआप चालणारं प्रात्यक्षिक आणि वेळ नेमकी शून्य होण्यासारखे काठावरचे प्रसंग मुद्दाम घडवून आणतो.

त्यानंतरही खूण झाली नाही तर खरा पुरावा कोडमधून काढायचा. त्या बाइटकडे बोट दाखवणारा पत्ता कार्ट्रिजमध्ये कुठे आहे? असेल तर त्या पत्त्यापर्यंत पोहोचणारी अट कधी खरी होऊ शकते का? ती कधीच खरी होऊ शकत नाही हे वाचून दाखवता आलं, तरच मी ‘न वापरलेलं’ लिहितो, आणि सोबत आवृत्तीचं नाव जोडतो. त्याशिवाय ते वाक्य अपुरं आहे. चित्रांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी: या मशीनच्या छोट्या गेममध्ये सगळ्या ५१२ टाइल कायम समोर असतात, त्यामुळे ‘लोड झाली’ याला काही अर्थ नाही. कोणता प्रोग्राम तिचा क्रमांक पडद्याकडे पाठवतो, ते बघावं लागतं.

आणि ‘का काढलं’ हे सांगायचं असेल तर गेमच्या बाहेर यावं लागतं. ‘सॉनिक २’मधली ‘हिडन पॅलेस’ १९९२ च्या विक्रीच्या गेममध्ये खेळता येत नाही, पण त्याच्या आधीची एक कच्ची प्रत नंतर सापडली आणि त्यात ती चालते. म्हणून तिच्याबद्दल ठामपणे बोलता येतं. २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत तर ती पूर्ण करून घातली आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा अ‍ॅपल २ वरचा मूळ सोर्स कोड हरवला असं समजलं जात होतं. २०१२ मध्ये तो गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनर यांच्या जुन्या डिस्क सापडल्या आणि त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. असं काही हाती लागलं की बनवणाऱ्याच्या स्वतःच्या टिपणांवरून बोलता येतं. बाकी ९० टक्के वेळा आपल्याकडे फक्त बाइट असतात, आणि बाइट ‘का’ सांगत नाहीत.

तुमच्या प्रतीकडे परत येतो. फाइल असेल तर आकार आणि चेकसम बघा. कार्ट्रिज असेल तर तिच्यावर एकच गेम आहे की अनेक, ते कळवा. आणि एक प्रयोग करा, त्याला कुठलंही साधन लागत नाही. पुढच्या वेळी भिंतीतून आत गेलात की डाव्या पाइपात शिरू नका, मधल्या पाइपात शिरा. तक्त्याची दुसरी ओळ आठवते ना: ३६, ५, ३६? मूळ प्रत असेल तर तुम्ही थेट ५-१ ला पोचाल. ४-२ च्या त्या एकट्या पाइपाचा पत्ता तुम्हाला १-२ मध्ये मिळेल. तसं झालं तर तुमचा गेम माझ्या इथल्या कार्ट्रिजसारखाच वागतोय. तसं झालं नाही तर काय दिसलं ते अक्षरशः जसंच्या तसं लिहून पाठवा, आपण पुढचं बघू.